चिंधीआडचे वाल

भांबुर्ड्याचा पाला हातात चुरगळला की एक वास येतो. थोडा ओव्यासारखा, थोडा वैद्याच्या कपाटासारखा, आणि बराचसा माझ्या पाचवीच्या वर्गासारखा. परवा तो पुन्हा आला. माझा मुलगा धाटावला कंपनीत आहे. शिफ्ट सुटली की ही सगळी मुलं मोटारसायकली काढून कुठे ना कुठे खायला जातात. या खेपेला त्यांच्यातल्या देवेंद्र नावाच्या मुलाने गडब गावच्या आपल्या शेतात पोपटीचं, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खायचं, बोलावणं केलं होतं. "आई, तूही चल, तुला आवडते ना पोपटी," असं मुलगा म्हणाला, आणि मी साठीला टेकलेली बाई रोह्याहून त्याच्या मागे बसून निघाले. नागोठण्याला चहा प्यायलो तेव्हाच कंबर कुरकुरायला लागली होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. भात कापून झालेली खाचरं, त्यांत गुडघाभर उंचीचा हिरवा वाल, बांधावर पेंढा आणि सुक्या काटक्यांचा ढीग. मुलं मडकं पुसत होती. मोबाईलवर गाणी लागली होती. एकीने माझ्या पुढ्यात पाल्याची जुडी टाकली आणि म्हणाली, "काकी, हा जरा निवडा ना." मी एक पान चुरगळलं आणि नाकाशी नेलं. त्यानंतर पुढचा अर्धा तास मी तिथे नव्हते.

माझे बाबा पेणला शाळेत इतिहास शिकवायचे. पाचवीच्या इतिहासात माणूस माकडापासून निघायचा आणि वर्षअखेर शहरं वसवून मोकळा व्हायचा. बाकीचे मास्तर माकडांचा भाग आठ दिवसांत उरकत, कारण राजे आणि लढाया आल्याशिवाय त्यांना इतिहास सुरू झाल्यासारखा वाटत नसे. बाबांचं उलट होतं. जूनमध्ये त्यांचा वर्ग चार पायांवर असे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जेमतेम दोन पायांवर उभा राही, आणि दगडाला धार लावता लावता नाताळ येई. मोहेंजोदडोला वार्षिक परीक्षेआधीचा एक तास मिळायचा. त्या तासात बाबा एकच वाक्य लिहून देत: "येथील गटारे आजच्या पेणमधील गटारांपेक्षा उत्तम होती." पेणची मुलं ते वाक्य जन्मात विसरली नाहीत.

बाबांचा एक आवडता प्रयोग होता. पाच मुलांना फळ्यासमोर रांगेत उभं करायचं. पहिल्याने पूर्ण वाकायचं, हात जमिनीला. दुसऱ्याने जरा कमी. असं करत पाचवा ताठ, मान वर, नजर खिडकीबाहेर. ही उत्क्रांतीची रांग. बाबांचा वर्ग आणि त्यात त्यांची मुलगी, तेव्हा पक्षपात झाला असं कोणी म्हणू नये म्हणून वाकायला दर वेळी मी. शाळेत मी त्यांना सर म्हणायचं अशी सक्त ताकीद होती. एकदा घरी आमटी वाढून घेताना मी विचारलं, "बाबा, मी रांगेत पाचवी कधी होणार?" ते म्हणाले, "होशील, उत्क्रांतीला वेळ लागतो." मला इतका राग आला होता की मी ती आमटी तशीच टाकली.

शाळेत आदिमानवाचा एक पुतळाही होता. तो माझ्या मैत्रिणीच्या, विजूच्या वडिलांनी घडवला होता. विजूच्या घरी गणपतींचा कारखाना. तिच्या अंगाला बारा महिने शाडूचा ओला वास यायचा आणि श्रावणात वेणीला सोनेरी रंग. बाबांनी तिच्या वडिलांना चित्र काढून दिलं होतं: केसाळ, रापलेला, हातात दगड. पण विजूच्या वडिलांच्या हाताला आयुष्यभर एकच वळण, गणपतीचं. आदिमानव आला तो गुबगुबीत पोटाचा, गुलाबी अंगाचा, आणि डोळे असे मायाळू की बघणाऱ्याने हात जोडावेत. दगड धरायचा उजवा हात आशीर्वाद देत वर उठलेला. बाबा तीन दिवस त्याच्याकडे बघून सुस्कारे सोडत होते. शाळेचा शिपाई मात्र रोज सकाळी कुलूप उघडलं की आधी त्याला जास्वंदीचं फूल वाहायचा.

त्याच वर्षी शेतीचा धडा चालू असताना विजूने हात वर केला. "सर, पहिलं बी कोणी पेरलं? नाव काय त्याचं?" तिला परीक्षेची काळजी होती, कारण नाव असलं की गाळलेल्या जागा भरायला येतात. बाबा थोडे घुटमळले. "नाव माहीत नाही," ते म्हणाले. "बहुतेक बाई असावी. पुरुष शिकारीला जायचे. बाई घराजवळ राहून बघायची, टाकलेलं बी कुठे उगवतं ते." विजूने वहीत लिहिलं: पहिली शेतकरी, एक बाई, नाव माहीत नाही. खाली दोन रेघा मारल्या.

त्या धड्यावरून बाबांच्या डोक्यात आलं की मुलांनी एक दिवस आदिमानवासारखं जगावं. डबा आणायचा नाही, चपला घालायच्या नाहीत, रानात जाऊन अन्न गोळा करायचं, अग्नी पेटवायचा आणि भाजून खायचं. म्हणजे थोडक्यात पोपटी, पण बाबांनी सूचना-वहीत लिहिलं "पुराश्मयुगीन भोजन". हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. त्यांना आमच्याकडे त्या भोजनाच्याच दिवशी संध्याकाळी वालाचं बिरडं खायला बोलावलं होतं, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं.

जागा ठरली गडबची. तिथलं एक शेत आजोबांच्या वेळेपर्यंत आमचं होतं. मग कूळकायद्यात ते कसणाऱ्यांचं झालं. ते कसणाऱ्या चांगुणाबाई दर होळीला पेणच्या बाजाराला आल्या की पायलीभर सुके वाल आमच्या ओट्यावर ठेवून जात. शेत गेलं तरी वाल येत राहिले, आणि आईच्या मते जे यायला हवं होतं तेच आलं. बाबा आधीच्या रविवारी त्यांना विचारून आले होते. चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "पोरान्ला घेऊन या की मास्तर. खाऊन खाऊन किती खातील? मी नागोठण्याला लेकीकडं जानार हाय, पन शेत कुटं जातंय."

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. अनवाणी. बांधावर उतरल्या उतरल्या निम्म्या आदिमानवांच्या पायांत काटे मोडले आणि अश्मयुग तिथेच संपतंय की काय असं वाटलं. मग अग्नी. बाबांनी नदीतून दोन पांढऱ्या गारगोट्या आणि घरातून कापूस आणला होता. ते उकिडवे बसून गार गारेवर आपटत राहिले. अर्ध्या तासात अंगठ्याचं नख काळं झालं, ठिणगी काही पडली नाही. शेवटी रस्त्याने चाललेल्या एका बैलगाडीवाल्याने खाली उतरून काडेपेटी पुढे केली. बाबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "लिहून घ्या. अग्नीचा शोध योगायोगाने लागला."

मग शेंगा. सगळं शेत हिरवं होतं, पण एका कोपऱ्यात चार खुंट्या रोवून त्यांना लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. त्या चौकोनातल्या वालाला कोणी हात लावलेला दिसत नव्हता. शेंगा अशा भरलेल्या की दाणे बाहेरून मोजता यावेत. आम्ही तिकडे धावलो, तेव्हा बाबांनी हात वर करून थांबवलं.

"हे काय आहे?"

"चिंधी, सर," विजू म्हणाली.

"चिंधी नव्हे. खूण आहे. नीट बघा. लिहिणं-वाचणं नव्हतं तेव्हा माणसाने खुणा केल्या. एका माणसाने दुसऱ्याला, समोर नसताना, काहीतरी सांगून ठेवायचं. केवढी मोठी गोष्ट आहे ही. सगळ्या लिपी इथून निघाल्या." त्यांचा आवाज जरा भरून आला होता. आम्ही चिंधीकडे आदराने बघितलं. वाऱ्यावर ती हलत होती.

"सर, इथल्या शेंगा मोठ्या आहेत," कोणीतरी म्हणालं.

"मग ह्याच गोळा करा," बाबा म्हणाले. "आदिमानव सगळ्यांत भरलेलं आधी खायचा."

मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर शेंगा, त्यावर जाडं खाडीचं मीठ आणि ओवा, पुन्हा शेंगा, तोंडाशी पाला कोंबून गच्च. मडकं उपडं ठेवलं, वरून पेंढा आणि काटक्या, आणि बैलगाडीवाल्याचा अग्नी. जाळ सरसर वर चढला तेव्हा आम्ही ओरडलो ते खरोखर आदिमानवासारखं ओरडलो असू. मग धूर, मग निखारे, मग शांतता. बाबांनी मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र झालं. "झालं," ते म्हणाले, आणि मडकं उघडताच वास सगळ्या खाचरात पसरला, मीठ, धूर, हिरवं काहीतरी भाजलेलं. बोटं भाजत, शेंगा फुंकत, सालं अंगावर उडवत आम्ही खाल्लं. त्या वालाला मागून किंचित कडू चव होती आणि ती कडू गेल्यावर गोड. आजवर इतक्या पोपट्या खाल्ल्या, तो कडू-गोड पुन्हा जिभेला लागला नाही.

आम्ही सालांच्या ढिगाभोवती पोटं धरून बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून चांगुणाबाई आल्या. लेकीकडे मुक्काम न करता परतल्या होत्या, डोक्यावर बोचकं होतं. लांबूनच हसल्या. "झाला का मास्तर पोटोबा?" म्हणाल्या. मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. खुंट्या उभ्या होत्या, चिंध्या हलत होत्या, मधला वाल ओरबाडलेला होता. त्यांनी बोचकं खाली ठेवलं. सालांच्या ढिगातून एक शेंग उचलली, उघडली, आत बघितलं आणि परत ठेवली.

"बियाचा व्हता तो," त्या म्हणाल्या.

बाबांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"फडकी दिसली नाय?"

"दिसली," बाबा म्हणाले.

"मंग?"

"मी तिच्यावर पाठ घेतला."

चांगुणाबाई बांधावर बसल्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. खाचराला खाडीचं खारं पाणी लागतं. बाजारचा वाल तिथे वीतभर वाढतो आणि करपतो. त्यांच्या सासूने कुठून तरी आणलेला, लहान दाण्याचा, पोटाशी तांबूस रेघ असलेला हा वाल तेवढा तग धरतो. दर साली कोपरा राखायचा, सुकेपर्यंत त्यातली शेंग तोडायची नाही, दाणे राखेत घालून पुढच्या पेऱ्यापर्यंत ठेवायचे. मागचं सगळं बी या साली पेरून झालं होतं. उरलेल्या शेतातल्या शेंगा हिरव्या तोडून बाजारात गेल्या होत्या. झाडांवर राहिली होती ती पोचट.

बाबा म्हणाले, "चांगुणाबाई, मला कळलं नाही. मी म्हटलं, हे शेत..." आणि थांबले. एके काळी आमचं होतं, एवढं त्यांच्या तोंडात आलं असणार.

"शेत कवा तुमचं, कवा आमचं," त्या म्हणाल्या. "बी माजे सासूचं हाय."

आदिमानवांपैकी कोणी हलत नव्हतं. मला भयंकर लाज वाटत होती, बाबांची आणि माझ्या भरलेल्या पोटाची. आणि तेव्हा माझ्या मनात आईचं स्वयंपाकघर आलं. होळीला आलेले ते वाल, वर्षभर पुरवून पुरवून वापरलेले, शेवटचे दोन मुठी. आईने ते परवा भिजत घातले होते आणि काल फडक्यात बांधले होते.

"सर," मी म्हटलं. "आई आज हेडमास्तरांना बिरडं करणार आहे. ह्याच वालाचं."

बाबा उठले ते धावतच सुटले. सरळ रस्त्यावर जाऊन एसटीला आडवे झाले. एक मास्तर, एक चांगुणाबाई, चाळीस अनवाणी पोरं, सगळ्यांची तोंडं काळी. कंडक्टर म्हणाला, "कुठून आले एवढे?" बाबा म्हणाले, "अश्मयुगातून. पेण द्या."

आई ओसरीवर बसून वाल सोलत होती. कोमट पाण्याच्या परातीत अर्धे, फडक्यात अर्धे. सोललेला वाल डाव्या हाताने टोपात आणि साल उजव्या हाताने सुपात, ही तिची लय कोणी मोडलेली तिला खपत नसे. बाबा दारातून म्हणाले, "सोलू नकोस. हात वर घे." आईने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागच्या चाळीस तोंडांकडे. "हेडमास्तरांना सांगितलंय बिरडं," ती म्हणाली. "त्यांना बटाटा घाल," बाबा म्हणाले. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या स्वयंपाकात नाक खुपसलेलं ते पहिलंच. पण आईने चांगुणाबाईंचा चेहरा बघितला आणि परात बाजूला सारली.

चांगुणाबाईंनी फडकं सोडलं. इवले पांढरे मोड आलेले वाल. एकेक उचलून त्या बघत होत्या. "ह्यो जगंल. ह्यो नाय. ह्यो जगंल." चाळीस पोरं ओसरीच्या कडेला श्वास रोखून उभी. विजू प्रत्येक "जगंल"ला मान हलवत होती. शेवटी एक मूठ निघाली.

"माजे शेतात आता वल नाय ऱ्हायली, माती सुकली," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमचे परसात आड हाय. मास्तर, आता तुमी लावा."

हेडमास्तर संध्याकाळी बटाट्याची भाजी खाऊन गेले. जाताना त्यांनी सुपातल्या वालाच्या सालांकडे जरा रोखून बघितलं, म्हणजे वाल होते आणि आपल्याला मिळाले नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्या वर्षी पुन्हा बाबांच्या कुठल्याही सूचनेवर त्यांनी दोन वाचनांत सही केली नाही.

आणि बाबा शेतकरी झाले. चाळिशीत, धोतराचा काचा मारून, आडाच्या बाजूला सहा हात जमीन खणून. नखाखाली माती गेली तर आधी ते अर्धा तास साबण लावायचे, आता मातीच्या हातानेच वह्या तपासू लागले. आमच्या उत्तरांवर बोटांचे ठसे उमटलेले असत. दर बाजाराच्या दिवशी चांगुणाबाई यायच्या, वाफ्याशी उभ्या राहायच्या आणि बाबा हात मागे बांधून त्यांच्यासमोर. "पानी लय झालं." "हो." "मुळाशी माती वढा." "हो." "कितवीला शिकवता तुमी?" "पाचवीला." "बरं," चांगुणाबाई म्हणायच्या आणि निघून जायच्या. आई आत तोंडाला पदर लावून हसायची.

वाल फुलला तेव्हा माकडं आली. डोंगराकडून कौलांवरून उड्या मारत, पोरंबाळं घेऊन. बाबा वर्गात नेहमी सांगायचे की माकड आपला पूर्वज नव्हे, आपलं आणि त्याचं मूळ घराणं एक, म्हणजे चुलत भाऊ. आता त्यांना रोज सकाळी काठी घेऊन चुलत भावांसमोर उभं राहावं लागे. एक म्हातारा हुप्प्या आडाच्या कठड्यावर बसून त्यांच्याकडे तासन् तास बघायचा. "ही भाऊबंदकी आहे," बाबा म्हणायचे. "वाटणी मागतोय." शाळेला जाणारी मुलं कुंपणाशी थांबून हे बघायची, आणि कोण कोणाला राखतंय यावर त्यांच्यात वाद व्हायचे. शाळेत बाबांचं नाव आधीच आदिमानव होतं. ते बदलायची गरज पडली नाही.

मार्चमध्ये रोह्याला माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न होतं. सख्खी भाची. बाबा गेले नाहीत. शेंगा सुकायला लागल्या होत्या आणि हुप्प्या कठड्यावर होता. आम्ही दोघी जाऊन आलो. आत्याने मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादाला काय झालंय?" आई म्हणाली, "वाल झालाय." आत्या पुढे दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. रात्री परतल्यावर बाबांनी लग्नाचं काही विचारलं नाही. ओटीवर बसून म्हणाले, "मी मुलांना दर वर्षी लिहून देतो, शेतीमुळे माणसाच्या जीवनाला स्थैर्य आले. अडकला रे अडकला माणूस, असं लिहायला पाहिजे." पण ते बोलताना खूश दिसत होते. माझ्या बाबांना मी इतकं खूश आधी बघितलं नव्हतं.

उन्हाळ्यात शेंगा खुळखुळायला लागल्या. चांगुणाबाईंनी त्या आपल्या हाताने फोडल्या. लहान दाणे, पोटाशी तांबूस रेघ. ओंजळभर भरले असतील, वर थोडे. त्यांनी सगळे पदराच्या टोकात बांधून गाठ मारली. बाबांनी संकोचत विचारलं, "यातले चार-सहा मी ठेवू का? आठवण म्हणून."

"नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी खाल."

पुढच्या होळीला मात्र नेहमीसारखे ओट्यावर वाल आले. पायली नव्हती, वाटीभर होते, पण आले. नंतरची कितीतरी वर्षं येत राहिले. मग बाबा निवृत्त झाले, आम्ही रोह्याला आलो, आडाचं परस मागे राहिलं. कुठल्या तरी एका होळीला वाल आले नाहीत, आणि का आले नाहीत ते कोणी विचारलं नाही. आदिमानवाचा पुतळा शाळेच्या अडगळीत होता असं विजू सांगायची. नंतर शिपायानेच तो एका अनंत चतुर्दशीला नेऊन विसर्जित केला म्हणे. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ताटातला एक वाल ते बाजूला काढून ठेवायचे आणि मग कोणी बघत नाही असं बघून खायचे.

"काकी, पाला झाला का निवडून?"

झाला होता. मुलांनी मडकं भरलं, उपडं घातलं, लायटरने पेटवलं. अग्नीचा शोध आता लगेच लागतो. पोपटी होईतो पाय मोकळे करावे म्हणून मी बांधाने निघाले. मला वाटलं होतं मी त्या शेताच्या जवळपास कुठे तरी आहे. कोपऱ्यात पोचले तेव्हा कळलं की मी त्याच शेतात आहे.

चार खुंट्या होत्या. चिंध्या लुगड्याच्या नव्हत्या, कंपनीच्या जुन्या जॅकेटच्या चमकत्या पिवळ्या पट्ट्या कापून बांधल्या होत्या. आत बुटका वाल, शेंगा टच्च भरलेल्या. मी कमरेत वाकले. एक शेंग वाळून तडकली होती. फटीतून दाणा दिसत होता, लहान, आणि पोटाशी तांबूस रेघ.

"काकी, तिथं हात नको हां," मागून देवेंद्र आला. "बियाचा हाय तो."

"माहीत आहे," मी वाकूनच म्हटलं. "कुठला रे हा वाल?"

"ह्यो? ह्यो मास्तर वाल. आमचेकडं असंच बोलतात. आता चार-पाच गावांत गेलाय, खारात दुसरं काय येत नाय."

"मास्तर का?"

"म्हायती नाय. आजीनं ठेवलेलं नाव. चांगुणा आजी, बापाची आई. ती सांगायची, कोन एक मास्तर व्हता, त्यानं बी खाल्लान."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाय म्हायती. मास्तरच बोलायची." तो हसला. "पोरान्ला घेऊन आला नि सगळा बी खाल्लान. मंग घरी जाऊन लावलान, राखलान, नि परत आनून दिलान. लग्नाला पन गेला नाय बोलतात, वाल राखीत बसला."

मला सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण पहिली शेतकरी, एक बाई, नाव माहीत नाही, याच्या खाली विजूने मारलेल्या दोन रेघा मला दिसल्या, आणि नाव माहीत नसलेल्यांच्या या यादीत बाबांना किती बरं वाटलं असतं ते जाणवून मी गप्प राहिले. फक्त एवढंच विचारलं, "मूठभर देशील मला यातले, सुकले की?"

देवेंद्र जरा अवघडला. "नाय काकी. मागू नका. बी पेरनाऱ्यालाच द्यायचा, आजीची शपथ हाय. बाकी लोक खातात."

मला इतकं हसू आलं की डोळे भरले. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी रागावले. म्हणाला, "पन तो मास्तर बेस मानूस असंल. खाल्ल्यावर परत आनून देतो कोन?"

तिकडे मडक्यावर पाणी शिंपडलेलं ऐकू आलं, चर्र. मुलं हाका मारत होती. मी अजून त्या शेंगेपुढे वाकलेली होते, हात जवळजवळ जमिनीला. मग कमरेवर हात ठेवले आणि सावकाश, एक एक मणका सोडवत, ताठ उभी राहिले.